तैलपर्ण, तैलपर्णिक आणि निलगिरीचें तेल

आमच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं कांहीं महिन्यांपूर्वीं एक मोडी बाड आम्हांस तपासण्याकरितां दिलें. बाड हातकागदाचें असून त्यांत घरगुती औषधांच्या कृति, मुहूर्त, देण्याघेण्याचीं टिपणें व शेवटच्या आठ-दहा पानांत उटणीं व सुगंधी द्रव्यें करण्याचे प्रकार आहेत. समाप्तीस शके १७०८, पराभवनाम संवत्सर, असा काल दिला आहे. शके १७०८ म्हणजे इ. स. १७८६-८७, संवत्सर गणितानें बरोबर जुळतो. त्यामुळें हें बाड सवाई माधवरावांच्या कारकीर्दींतील होय असें धरून स्नेह्यांनीं तें बऱ्याच मोलानें घेतलें होतें, व त्याचें वर्णन आम्हीं लिहून प्रसिद्ध करावें अशी त्यांची इच्छा होती.

बाड वाचतांना आम्हांस प्रथम कांहींच वावगें दिसलें नाहीं. अक्षर सुबक, भाषा जुन्या वळणाची, मापें शेर, तोळा, मासा अशीं. परंतु पडशावरील एका कृतींत वाफाऱ्याच्या पाण्यांत निलगिरीचें तेल घालावें असें निघालें, आणि तेथें आम्ही थांबलों. पुढें सुगंधी द्रव्यांच्या भागांत ‘तैलपर्णी’ हा शब्द आला असून त्याच्या बाजूस समासांत जांभळ्या पेन्सिलीनें कोणीं तरी ‘म्हणजे निलगिरी’ अशी टीप केली आहे. एकाच बाडांत एकाच झाडाचीं दोन नांवें, एक देशी व एक संस्कृत, सांपडल्याचा स्नेह्यांस मोठा आनंद झाला होता. आमच्या मतें यांतील एक नांव त्या झाडाचें नव्हेच. आणि दुसरें त्या झाडाचें आहे म्हणूनच बाडाचा काल ढासळतो. हें कसें तें येथें मांडतों.

प्रथम तैलपर्णाचा विचार करूं. विसाव्या शतकांत द्रव्यगुणावर जे संस्कृत व देशी भाषांतील ग्रंथ झाले त्यांत युकॅलिप्टस या झाडास ‘तैलपर्ण’ असें नांव दिलेलें आढळतें. नांव चांगलें आहे. ज्याच्या पर्णांत तैल आहे तो तैलपर्ण, असा सरळ बहुव्रीहि. परदेशी द्रव्यास संस्कृत नांव देण्याची आपली परंपराही जुनी आहे. नांव देणारांचा त्यांत कांहींच दोष नाहीं. दोष पुढें होतो तो वाचणारांकडून. हें नवें नांव मनांत धरून आपण जुना ग्रंथ उघडतों, आणि तेथें ‘तैलपर्णिक’ दिसतांच ओळखीचा मनुष्य भेटल्यासारखें वाटतें. ही चूक आम्हीं स्वतः केली आहे. शाळेंत संस्कृत शिकवीत असतां कौटिलीय अर्थशास्त्राचा विषय निघाला म्हणजे, चंद्रगुप्ताच्या कोशांत निलगिरीचें तेलही येत असे, असें आम्ही अनेक वर्षें मोठ्या अभिमानानें सांगत असूं. त्या वर्गांतील विद्यार्थी आतां पन्नाशीस आले असतील; त्यांतील कोणी हें वाचील तर त्यानें हा अंश स्मरणांतून काढून टाकावा.

अर्थशास्त्राचा मूळ ग्रंथ आर. शामशास्त्री यांनीं म्हैसुराहून १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केला. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत, कोशांत घ्यावयाच्या रत्नांची व सारद्रव्यांची परीक्षा सांगणाऱ्या प्रकरणांत, चंदन व अगुरु यांच्या पाठोपाठ तैलपर्णिक हा वर्ग येतो. त्याचे प्रकार अशोकग्राम, जोंगक, सुवर्णकुड्य इत्यादि स्थलनामांवरून दिले आहेत. एकाचा रंग मांसासारखा व गंध कमळाचा, दुसऱ्याचा तांबूस पिवळा व गंध नीलकमळाचा, आणखी एकाचा गंध महाळुंगाचा, अशीं लक्षणें आहेत. आतां पाहा, रंग मांसासारखा असणें हें लांकडाचें लक्षण होईल, पानांतून निघणाऱ्या पाण्यासारख्या तेलाचें होणार नाहीं. निलगिरीच्या तेलास कमळाचा वास येतो असें तर कोणी पडशानें नाक चोंदलेला मनुष्यही म्हणणार नाहीं. अमरकोशाची साक्षही हीच आहे. अमरसिंहानें तैलपर्णिक, गोशीर्ष व हरिचंदन हीं नांवें एकत्र दिलीं आहेत तीं चंदनाच्या जातींत. आणि तिलपर्णी हें नांव तेथेंच रक्तचंदनाकडे लाविलें आहे.

यावरून शब्दाच्या घटनेविषयीं आमचें मत असें झालें आहे कीं, तैलपर्णिकांतील ‘तैल’ हा तेलाचा वाचक नव्हेच. तिलपर्ण अथवा तिलपर्णी या शब्दास ‘इक’ हा तद्धित प्रत्यय लागतांना आद्य स्वराची वृद्धि होऊन तैलपर्णिक सिद्ध होतो. त्या शब्दाचा संबंध तिळाशीं आहे, तेलाशीं नाहीं. आधुनिक तैलपर्ण मात्र तैल आणि पर्ण या दोन पदांचा समास आहे. म्हणजे दोन्ही शब्द कानास भाऊभाऊ वाटले तरी एक तद्धितांत जन्मला, दुसरा समासांत. आणि दोघांच्या जन्मांत दोन सहस्र वर्षांचें अंतर आहे. आमच्या स्नेह्यांच्या बाडांतील तैलपर्णी हा शब्द गंधद्रव्यांच्या यादींत, अगुरु व कृष्णागुरु यांच्या शेजारीं आला आहे. तो पहिल्या कुळांतला होय. तेवढ्या ओळीपुरतें बाड शके १७०८ चेंच काय, शके १५०८ चें असतें तरी आमची हरकत नव्हती. जांभळ्या पेन्सिलीची टीप तेवढी चुकीची.

आतां निलगिरी. हें पर्वताचें नांव आहे, आणि संस्कृत वाङ्मयांत नीलपर्वत एक नाहीं. पुराणांतील नीलपर्वत मेरूच्या उत्तरेस; जगन्नाथपुरीस नीलाचल म्हणतात; कामाख्येची टेंकडीही नीलाचलच. दक्षिणेंतील ज्या डोंगरांशीं आपलें कार्य आहे त्यांचा जुना उल्लेख होयसळ विष्णुवर्धनाच्या वेळच्या, १११७ सालच्या, चामराजनगर येथील शिलालेखांत आहे. त्याचा सेनापति पुणिस यानें तोडांना भय घालून नीलाद्रि हस्तगत केला असें तो लेख सांगतो. म्हणजे डोंगराचें नांव जुनें आहे यांत शंका नाहीं. मोडींत इकाराचा ऱ्हस्वदीर्घभेद लिहीत नसल्यामुळें नीलगिरी कीं निलगिरी, यावरून काल ठरविण्याचा मार्ग आपणांस बंद आहे. प्रश्न आहे तो, डोंगराचें नांव झाडास व तेलास केव्हां लागलें, इतकाच.

माल ज्या देशाहून येतो त्या देशाचें नांव मालास लागतें हें आपल्या भाषांत नेहमींचें आहे. सिंधूकडून आलें तें सैंधव, मलय पर्वतावरील तें मलयज, काश्मीरचें तें काश्मीरज. आणि चिनी, मिसरी हे शब्द तर बाजारांत रोज कानीं पडतात. परंतु मलयज आणि निलगिरी यांत एक भेद आहे. चंदन दक्षिणेंतील डोंगरांवर स्वभावतः वाढतें. निलगिरीचें झाड निलगिरीवर पाहुणें आलेलें आहे, आणि पाहुण्यास यजमानाचें नांव मिळालें आहे.  गंमत अशी कीं वनस्पतिशास्त्रांत पेरू, जांभूळ, लवंग व निलगिरी हीं सर्व एकाच कुळांतलीं. असो.

पाहुणा कोठून आला तें आतां सांगतों, कारण सर्व निर्णय या तारखांवर आहे. युकॅलिप्टसच्या जाति सातशेंच्या आसपास मोजतात व त्या बहुतेक सर्व ऑस्ट्रेलिया खंडांतल्या. युरोपीय विद्वानांच्या हातीं या वंशाचे नमुने कॅप्टन कुकच्या सफरींमुळें आले. तिसऱ्या सफरींत, १७७७ सालीं, टास्मानियाजवळील ब्रूनी बेटावर डेव्हिड नेल्सन यानें एक फांदी तोडून नेली. तिच्यावरून लेरिटिये या फ्रेंच पंडितानें १७८८ सालीं ‘युकॅलिप्टस’ हें वंशनाम प्रसिद्ध केलें. नांव ग्रीक असून ‘चांगलें झांकलेलें’ असा त्याचा अर्थ. उमलण्यापूर्वीं फुलावर टोपण असतें त्यास उद्देशून तें दिलें आहे. परंतु ज्याचें तेल आपण निलगिरीचें म्हणून ओळखतों ती जाति, ‘ग्लोब्युलस’, लाबियार्दिये यास टास्मानियांत १७९२ सालीं मिळाली. हा पंडित, बेपत्ता झालेल्या ला पेरूज या दर्यावर्दीच्या शोधास निघालेल्या फ्रेंच गलबतांवर होता. इंग्रजांची ऑस्ट्रेलियांतील पहिली वसाहत जानेवारी १७८८ मध्यें झाली, आणि तेथील शल्यवैद्यांनीं त्याच सुमारास दुसऱ्या एका जातीच्या पानांचें थोडें तेल पोटदुखीसाठीं काढून विलायतेस पाठविलें. युकॅलिप्टसच्या तेलाचा आरंभ हा.

आमच्या स्नेह्यांनीं येथें एक आक्षेप घेतला, तो विचार करण्याजोगा होता. शके १७०८ हें वर्ष मराठे व टिपू यांच्या युद्धाचें आहे. त्याच वर्षीं मराठ्यांनीं बदामी घेतली, व गजेंद्रगडचा तह १७८७ सालीं झाला. टिपूनें नंदीदुर्गावर युकॅलिप्टसचीं झाडें लाविलीं होतीं असें सर्वत्र लिहितात. तेव्हां कोणी शिलेदारानें तिकडून हें तेल आणलें असल्यास नवल काय? यास उत्तर असें. टिपूच्या लागवडीची जी कथा सांगतात तीच मुळीं १७९० च्या सुमारास पडते, म्हणजे बाडावरील वर्षानंतर. त्या कथेस समकालीन कागदाचा आधार मागितल्याशिवाय ती आम्ही मानणार नाहीं. परंतु मानली तरी ती येथें उपयोगी नाहीं. १७८६ सालीं ऑस्ट्रेलियांत युरोपियनांचें एक झोंपडेंही नव्हतें, ग्लोब्युलस जाति कोणाही पंडितास ठाऊक नव्हती, आणि तेल कोणीं काढलें नव्हतें. शिवाय बदामी व गजेंद्रगड तुंगभद्रेच्या उत्तरेस आहेत; तेथून नंदीदुर्ग शेजारीं नाहीं, आणि निलगिरी तर त्याहून कितीतरी दक्षिणेस. नंदीदुर्गावरचें तेल असतें तर त्यास नंदीचें तेल म्हणाले असते.

निलगिरीचा प्रदेश श्रीरंगपट्टण पडल्यावर, १७९९ सालीं, इंग्रजांकडे गेला. कोइंबतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन १८१९ सालीं वर चढला, व त्यानंतर थोड्याच वर्षांत उदकमंडल येथें गोऱ्या लोकांची वसति झाली. थंड हवेचें ठिकाण म्हटलें कीं शेगडी आली, आणि शेगडी आली कीं लांकूड आलें. त्या डोंगरांवर रान सलग नव्हतें. उघडीं गवताळ पठारें, आणि खोलगट भागांत ज्यांस तिकडे ‘शोला’ म्हणतात अशा दाट झाडीच्या राया, अशी मूळची रचना. तोडांच्या म्हशी त्या पठारांवर चरत. राईंतील झाडें वाढण्यास फार सावकाश. जळणासाठीं त्या तोडीत गेल्यावर वीस-पंचवीस वर्षांत टंचाई दिसूं लागली. पुढें वेलिंग्टन येथें लष्करी छावणी झाली, तिचें जळण वेगळें.

या टंचाईवर उपाय म्हणून ऑस्ट्रेलियांतील झाडें आलीं. ग्लोब्युलस जातीचीं पहिलीं रोपें मद्रासकडील इंजिनियर कॅप्टन कॉटन यानें १८४३ सालीं लाविलीं, असें सर्व अधिकृत वर्णनांत आहे. तीं इतक्या झपाट्यानें वाढलीं कीं पुढील वीस वर्षांत बागांतून व सडकांच्या कडेस तीं सर्वत्र झालीं, आणि १८६३ च्या सुमारास उदकमंडलाजवळ आरंबी येथें सरकारी लागवड सुरू झाली. हीं झाडें तोडलीं तरी बुंध्यापासून पुन्हा फुटतात, म्हणून दर दहा-बारा वर्षांनीं तोड घेतां येते. जळणास याहून सोयीचें झाड नाहीं. तेलाचा विचार या सर्व व्यवहारांत कोठेंच नव्हता, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

तेलाचा व्यापार जन्मला तो दुसरीकडे. मेलबोर्न येथील जोसेफ बोसिस्टो या औषधविक्रेत्यानें, फर्डिनांड म्यूलर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या प्रोत्साहनानें, १८५० नंतरच्या दशकांत डँडेनाँग ओढ्याच्या कांठीं पहिली भट्टी घातली. त्याचें तेल बाटल्यांत भरून विलायतेस व इतरत्र जाऊं लागलें. १८७० सालीं क्लोएझ या फ्रेंच रसायनज्ञानें तेलांतील मुख्य अंश वेगळा करून त्यास युकॅलिप्टॉल असें नांव दिलें; त्यासच आज सिनिओल म्हणतात. त्याच काळांत या झाडाविषयीं आणखी एक समजूत युरोपांत पसरली होती, ती अशी कीं याच्या वासानें हिंवतापाची दूषित हवा शुद्ध होते. रोमजवळील ट्रे फोंताने मठाच्या साधूंनीं १८७० च्या सुमारास त्या समजुतीनें दलदलींत हीं झाडें लाविलीं. हिंवताप डांसांमुळें येतो हें रोनाल्ड रॉस यानें सिकंदराबादेस १८९७ सालीं दाखविलें, तोंपर्यंत ‘ज्वरहर वृक्ष’ म्हणून अर्ध्या जगांत याची लागवड होऊन चुकली होती. झाड पाणी फार ओढतें, त्यानें दलदल आटते, आणि डांस कमी होतात. म्हणजे गुण खरा, कारण खोटें. आमच्या वैद्यकग्रंथांतही असे प्रकार पुष्कळ आहेत.

निलगिरीवर तेल काढण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या भागांत रुजला. उदकमंडलास सरकारी सिंकोनाच्या कामावर डेव्हिड हूपर हा रसायनज्ञ होता, मुंबईचा डॉ. डायमॉक व वॉर्डन यांच्यासह ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा १८८९ ते १८९३ या काळांत निघालेला ग्रंथ करणारा तोच. औषधी वनस्पतींच्या देशी नांवांचा ज्यांस नाद आहे त्यांस हा ग्रंथ अपरिचित नसेल.

भट्टीचा प्रकार साधा आहे. लागवडींत, ओढा जवळ पाहून, गवताचें छप्पर घालतात. तांब्याचें मोठें भांडें चुलाणावर बसवून त्यांत गळलेलीं व खुडलेलीं पानें आणि पाणी घालतात, व तोंड बंद करून आंच देतात. वाफ नळीवाटे थंड पाण्यांतून जाते, तिचें पाणी होतें, आणि भांड्यांत त्या पाण्यावर तेल तरंगतें. तें वरच्यावर काढून घेतात. शंभर शेर पानांस तेल सुमारें एक शेर. उकडून निघालेलीं पानें वाळवून तींच पुढल्या खेपेस चुलाणांत घालतात, त्यामुळें जळणाचा खर्च जवळजवळ नाहीं. पानें गोळा करणें हें बायकापोरांचें काम. सरकारी अगर खाजगी लागवडीचा मालक झाड लांकडासाठीं राखतो आणि जमिनीवर पडलेला पाला भट्टीवाल्यास मक्त्यानें देतो. म्हणजे जें तेल घरोघरीं गेलें तें मूळ मालकाच्या हिशेबीं केरकचरा होतें. एवढें करून निघालेलें तेल गुणानें हलकें नव्हतें. औषधी तेलांत सिनिओल शेंकडा सत्तरच्या वर असावें असा दंडक आहे, आणि निलगिरीचें तेल पुन्हा एकदां शुद्ध केलें कीं त्या दंडकास उतरतें.

हें झाड थंडी मागतें. उदकमंडल समुद्रसपाटीपासून सुमारें २२४० मीटर उंचीवर आहे. तशा हवेंत तें टास्मानियांतल्यासारखें वाढतें, देशावर आणलें तर टिकत नाहीं. आपल्याकडे १९८० च्या सुमारास सामाजिक वनीकरणांत ज्या झाडांच्या रांगा शेताशेतांतून उभ्या राहिल्या, त्यांसही आपण निलगिरीच म्हटलें. पण ती जाति निराळी, नंदीदुर्गाकडील वाणाची, आणि लावली ती लांकडासाठीं. लिंबाच्या वासाची जी निलगिरी बागांतून दिसते ती तिसरीच. तिच्या तेलांत सिनिओल नांवापुरतें असून तें अत्तरसाबणाकडे जातें. नांवाचा डोंगर एक आणि त्याच्या सावलींत झाडें तीन, असा हा प्रकार आहे. मूळच्या पठारांचें यांत जें झालें तें चांगलें झालें नाहीं. तोडांचीं कुरणें लागवडीखालीं गेलीं, आणि आतां तमिळनाडूंत परदेशी झाडें काढून मूळचें गवत परत आणण्याचे प्रयत्न चालू आहेत.

हें सर्व आमच्या बाडाकडे कसें वळतें? १८४३ ही या झाडाच्या आगमनाची तारीख, परंतु बाडासाठीं तिच्यावरही थांबतां येत नाहीं. त्या वर्षीं झाड आलें, तेल आलें नाहीं. १८५० नंतर तेल आलें तें मेलबोर्नचें, आणि त्यावर चिठ्ठी होती ती युकॅलिप्टसची. ‘निलगिरीचें तेल’ असें लोकांच्या तोंडीं बसण्यास निलगिरीवरील भट्ट्यांचें तेल बाजारांत यावयास हवें, आणि तें पुण्यामुंबईच्या औषधविक्यांच्या फळीवर इतकें परिचित व्हावयास हवें कीं घरगुती टिपणांत त्याचा उल्लेख विशेष खुलासा न करितां व्हावा. आमच्या बाडांत तसाच उल्लेख आहे; सुंठीच्या शेजारीं तो असा बसला आहे कीं जणूं पिढ्यान्‌पिढ्या तेथेंच होता. म्हणून ही ओळ १८८० च्या अलीकडचीच धरली पाहिजे असें आमचें अनुमान आहे.

ही ओळ मागाहून घातलेली असेल काय? तें आम्हीं प्रथम पाहिलें, कारण तसें असतें तर स्नेह्यांचें बाड वांचलें असतें. परंतु ओळ पानाच्या मध्यभागीं आहे. वरच्या व खालच्या ओळींशीं हात, शाई व बोरूची जाडी एकच. आणि कृति पुढच्या पानावर अखंड चालू राहते. हातकागदाचा आधार घ्यावा तर जुन्नरी व दौलताबादी कागद एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत लिहिण्यांत होता. तेव्हां सबंध बाडच नक्कल आहे. समाप्तीची ओळ नक्कल करणारानें मूळ प्रतींतून जशीच्या तशी उतरली. असें करणारा लबाड नसतो. जसें पाहिलें तसें लिहिलें, चूक असल्यास माझ्याकडे दोष नाहीं, अशा अर्थाचा श्लोक आपल्या पोथ्यांच्या शेवटीं शेंकडों ठिकाणीं आहे तो उगाच नव्हे. शके व संवत्सर जुळतो म्हणून काल खरा, हा न्याय मूळ प्रतीस लागतो, नकलेस नाहीं.

मग त्या जागीं मूळ प्रतींत काय होतें? कांहींच नसेल, नक्कल करणारानें घरचा अनुभव म्हणून भर घातली असेल. परंतु एक शक्यता आम्हांस अधिक पटते. मोलुक्कस बेटांतून, विशेषेंकरून बुरू बेटांतून, ‘कायापुटी’चें तेल डच व्यापाऱ्यांच्या हातून पूर्वींपासून बाहेर येत असे. रंफियस यानें आपल्या अंबोयनावरील ग्रंथांत त्या झाडाचें वर्णन केलें आहे, आणि मद्रासकडील डॉ. एन्स्ली याच्या १८२६ सालच्या ‘मटेरिया इंडिका’ ग्रंथांतही या तेलास स्थान आहे. नांव मलायी, ‘कायु पुतिह’ म्हणजे पांढरें लांकूड. तेल हिरवट, कारण तें तांब्याच्या भांड्यांत काढीत. १८३१-३२ च्या महामारींत युरोपांत त्याची किंमत एकदम चढली होती. वासानें व गुणानें तें निलगिरीच्या तेलास इतकें जवळ आहे कीं, मूळांत कायापुटी असल्यास आणि नकलेच्या काळीं बाजारांत तें दुर्मिळ झालें असल्यास, शहाण्या गृहस्थानें त्या जागीं निलगिरी लिहिणें अगदीं स्वाभाविक होय. वैद्यकाच्या नकला करणारे शब्दाला नव्हे, रोग्याला जपतात.

कायापुटीच्या वंशांतील दुसरें एक झाड हल्लीं फार ऐकूं येतें, आणि पुढील शतकांतील संग्राहकांसाठीं त्याविषयीं लिहून ठेवणें बरें. औषधविक्यांकडे ‘टी ट्री’ म्हणून जें तेल मिळतें त्यास चहाचें तेल समजणारे लोक आम्हांस भेटले आहेत. चहाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. कुकच्या खलाशांनीं चहाऐवजीं कांहीं झाडांचीं पानें उकळून घेतलीं, त्यावरून ‘चहाचें झाड’ हें नांव पडलें, आणि तें पुढें भलत्याच झाडांसही चिकटलें. तेलाचें झाड न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागांतील पाणथळ जागीं वाढतें. सिडनी येथील पेनफोल्ड यानें १९२० नंतरच्या दशकांत त्याचें तेल कार्बोलिक ॲसिडापेक्षां अनेकपट जंतुघ्न असल्याचें दाखविलें. पुढें पन्नास वर्षें लोक रानांतच फांद्या तोडून तेथेंच भट्ट्या लावीत. रीतसर लागवड १९७६ पासून सुरू झाली. त्यानंतर तें पीक क्वीन्सलँडच्या ॲथर्टन पठारावर गेलें, आणि चीन, दक्षिण आफ्रिका, केनिया येथेंही पोंचलें. तेलाची भेसळ होऊं लागल्यावर त्याच्या घटकांचें आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९६ सालीं ठरविण्यांत आलें. निलगिरी जळणासाठीं आली व तेल मागाहून निघालें. हें झाड मात्र नव्या मुलुखांत गेलें तें केवळ तेलासाठीं. शंभर वर्षांनीं कोणाच्या वहींत ‘चहाच्या झाडाचें तेल’ असें सांपडेल, आणि त्यावेळचा एखादा गुरुजी त्यावरून आसामच्या मळ्यांचा इतिहास लिहावयास बसेल, अशी आम्हांस धास्ती आहे.

तंजावरच्या मोडी कागदांवर काम करणारांसही एक सूचना करावीशी वाटते. सरफोजीराजे यांस वैद्यकाचा मोठा व्यासंग होता, आणि त्यांच्या दरबारीं देशी व विलायती दोन्ही औषधांची परीक्षा होत असे. परंतु ते १८३२ सालीं वारले. त्यांच्या वेळच्या कागदांत निलगिरी आढळल्यास ती डोंगर अथवा तेथील हवा समजावी; तेल म्हणून आढळल्यास कागद पुन्हा पाहावा. पोथ्यांस कीड लागूं नये म्हणून सरस्वती महालांत ताडपत्रांस जें तेल लावितात तें गवती चहाच्या जातीच्या गवताचें, आणि पुरचुंडींत घालतात तीं वेखंड, लवंग, मिरीं, कापूर हीं द्रव्यें. तेथें निलगिरीचा शोध करूं नये.

आमचा निर्णय ऐकून स्नेही बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. दिलेली किंमत शके १७०८ ची होती, आणि हातीं राहिली ती नक्कल. दुसऱ्या दिवशीं ते स्वतःच बाड घेऊन आले आणि वेष्टनावरील चिठ्ठी बदलून मागितली. आम्हीं लिहून दिलें: नक्कल, इ. स. १८८० नंतरची, मूळ प्रत शके १७०८, पराभव संवत्सर, संभाव्य. मूळ प्रत कोणत्या घराण्यांत होती याचा कांहीं धागा देण्याघेण्याच्या टिपणांतील नांवांवरून लागतो कीं काय, हें ते आतां पाहत आहेत. जांभळ्या पेन्सिलीची टीप खोडून टाकावी काय, असें त्यांनीं विचारलें. आम्हीं ती राहूं देण्यास सांगितलें. तैलपर्ण हें नवें नांव वाचलेल्या कोणा गृहस्थाच्या हातीं हें बाड एकदां होतें, एवढें तरी तीवरून कळतें.